कोपर आणि खांद्याच्या मधोमध

पाव मैलाची चिठ्ठी हातात आली तेव्हा तिच्यावर ११.३८ छापलं होतं. पाव मैल म्हणजे १,३२० फूट, आपल्या हिशेबात ४०२ मीटर. आमच्या १९९१ च्या मस्टँगनं उभ्या जागेवरून सुटून तेवढं अंतर साडेअकरा सेकंदांच्या आत कापलं होतं आणि शेवटच्या दिव्यांपाशी तिचा वेग होता ताशी १२० मैल. नवरा ती चिठ्ठी ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना दाखवत सुटला. त्यातल्याच एका अनोळखी माणसाच्या टोपीवर ‘टेक’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे गाड्या तपासणारा. त्यानं चिठ्ठी वाचली, गाडीच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, “अभिनंदन. पुढच्या वेळी येताना रोल बार बसवून या. नाहीतर साडेअकराच्या आत येऊ नका.”

रोल बार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आली ती कोल्हापुरातली उघडी जीप. मागे चकचकीत क्रोमची कमान, कमानीवर चार दिवे, आणि मिरवणुकीत तिला धरून उभी राहिलेली चार पोरं. तसली कमान आमच्या गाडीत, तीही छताच्या आत, कशाला हवी हे मला कळेना. मी एका दवाखान्याच्या हिशेबखात्यात काम करते. गाड्यांशी माझा संबंध लग्नानंतरचा. डेट्रॉइटच्या आसपास राहायचं आणि गाड्यांपासून लांब राहायचं हे जमत नाही. गणपतीत मंडळात भेटणाऱ्या निम्म्या लोकांची नोकरीच गाड्यांची. तरी घरात सुपरचार्जर लावलेली मस्टँग बाळगणारे आणि शनिवारी नवरा-बायकोनं आळीपाळीनं ती पळवणारे आम्हीच.

मग नियम वाचायला बसलो. अशा सरळ शर्यतींच्या इथल्या बऱ्याचशा धावपट्ट्या, म्हणजे ड्रॅग स्ट्रिप, एनएचआरएचे, म्हणजे नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचे, नियम मानतात. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात ही संस्था काढली, ती रस्त्यावर चालणाऱ्या शर्यती उचलून सुरक्षित जागी न्याव्यात म्हणून. तिच्या नियमांत सगळं काही सेकंदांच्या पायऱ्यांवर बसवलेलं आहे. बंद छताच्या गाडीला ११.४९ पासून रोल बार सक्तीचा. कन्व्हर्टिबलला तो १३.४९ पासूनच, कारण तिथे डोक्यावर कापडाखेरीज काही नसतं. १०.९९ पासून खरं तर पुरा पिंजरा, म्हणजे रोल केज, हवा. पण गाडीची मूळ बॉडी, तळ आणि इंजिनमागची भिंत न कापता शाबूत ठेवली असेल तर १०.०० पर्यंत बारवर भागतं. ९.९९ ला पोचलात किंवा ताशी १३५ मैल ओलांडलेत की पिंजऱ्याला पर्याय नाही. २००८ आणि त्यापुढच्या मॉडेलना सवलत आहे, त्या काही मर्यादेपर्यंत कारखान्यातून आल्या तशाच पळू शकतात. आमची सतरा वर्षांनी जुनी.

दुसरा मार्ग टेकवाल्यानंच सांगितला होता: पाय आवरता घ्या. शेवटच्या दिव्यांच्या बऱ्याच आधी पेडल सोडलं तर चिठ्ठीवर साडेअकराच्या वरचा आकडा येतो आणि एक पैसा खर्च होत नाही. पुष्कळ लोक हेच करतात आणि त्यात कमीपणाचं काही नाही. मी नवऱ्याला तसं म्हटलं. त्याचा चेहरा बघून विषय सोडून दिला.

आता खरेदी. कॅटलॉग उघडला आणि डोकं फिरायची वेळ आली. चार पॉइंट, पाच पॉइंट, सहा पॉइंट, आठ, दहा, बारा. चित्रं सगळी सारखीच, काळ्या नळ्यांची. पॉइंट म्हणजे काय, तर ती चौकट गाडीला किती ठिकाणी टेकते ते. चालकाच्या मागून छतालगत जाणारी मुख्य कमान, तिचे दोन पाय म्हणजे दोन पॉइंट. कमानीच्या डोक्यापासून मागच्या चाकांकडे उतरणारे दोन टेकू, झाले चार. सगळ्यात स्वस्त आणि दिसायला सगळ्यात सुटसुटीत हीच चार पॉइंटची किट. नवऱ्यानं ती जवळजवळ मागवलीच होती. पण नियमात स्पष्ट लिहिलं आहे की चालकाच्या बाजूला एक दांडी हवीच: कमानीपासून निघून दाराच्या आतून तिरकी पुढे उतरणारी, आणि चालकाच्या अंगाजवळून जाताना खांदा आणि कोपर यांच्या मधोमध जाणारी. म्हणजे चार पॉइंटचा बार शर्यतीच्या कामाचाच नाही. तो शोभेचा, किंवा ज्यांना नुसता पट्टा बांधायला आधार हवा त्यांच्यासाठी. चालकाच्या बाजूची दांडी धरून पाच होतात, शेजारच्या सीटच्या बाजूलाही घातली की सहा. शेजारी कधीतरी लेक बसेल या विचारानं मी सहाला हात वर केला. पुढे लेक त्या सीटवर बसलीच नाही, तो भाग वेगळा.

कोल्हापुरात माझा धाकटा भाऊ शेडची आणि गेटची कामं करतो. त्याला फोन लावला. म्हटलं, अरे, पावणेदोन इंची पाईप लागतोय, गाडीत कमान करायला. तो म्हणाला, “ताई, शेड्यूल ४० घे. म्हैस बांधलीस तरी हलायची नाही.” मग मीच त्याला सांगितलं की पाईप चालत नाही, ट्यूब लागते. तर हसायला लागला. अमेरिकेत जाऊन बाईला पाईप आणि ट्यूब वेगळे दिसायला लागले म्हणाला. पण थोड्या वेळानं त्याचाच उलट फोन. त्यानं आपला तक्ता काढून पाहिला होता. पाईपचं माप आतून पाणी किती जाणार यावरून ठरलेलं असतं: सव्वा इंची पाईप बाहेरून १.६६ इंच भरतो, दीड इंची १.९० इंच. बाहेरून बरोबर पावणेदोन इंच भरेल असा पाईप त्याच्या तक्त्यात नव्हताच. ट्यूब बाहेरून मोजतात आणि भिंतीची जाडी वेगळी सांगतात, कारण तिच्यातून काही वाहायचं नसतं, तिला फक्त भार पेलायचा असतो. “बरोबर आहे तुझं,” म्हणाला. माझ्या भावानं असं म्हणणं हीच मुळात बातमी.

साधं पोलाद घ्यायचं की क्रोमोली, हा पुढचा घोळ. साध्या पोलादाची, माइल्ड स्टीलची, ट्यूब बाहेरून पावणेदोन इंच आणि भिंत किमान ०.११८ इंच, म्हणजे ३ मिलिमीटर. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं ४१३० नंबरचं पोलाद. ते जास्त मजबूत म्हणून भिंत ०.०८३ इंच, जेमतेम २.१ मिलिमीटर, चालते. नवऱ्याचा ओढा अर्थातच क्रोमोलीकडे, कारण शर्यतवाल्यांच्या तोंडी तोच शब्द. मी कागद-पेन घेऊन बसले, ते माझं रोजचंच काम. बाजारातल्या साध्या पोलादाच्या किटमध्ये भिंत बहुधा ०.१३४ इंचाची असते. तिचं वजन मीटरला साडेतीन किलोच्या आसपास. क्रोमोलीचं सव्वादोनच्या आत. आम्हाला नऊ-दहा मीटर ट्यूब लागणार. म्हणजे फरक बारा किलोचा. ड्रॅगवाल्यांचा एक ठोकताळा आहे: शंभर पौंड, म्हणजे ४५ किलो, कमी केले की पाव मैलात दहावा भाग सेकंद वाचतो. बारा किलोनं वाचणार सेकंदाचे शंभरातले जेमतेम तीन भाग. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. शिवाय क्रोमोलीला टिग वेल्डिंगच लागतं, मिग चालत नाही. टिगचा कारागीर सावकाश काम करतो आणि त्या सावकाशीचे पैसे घेतो. साधं पोलाद मिगनंही जोडता येतं. हिशेब दाखवला तेव्हा नवरा गप्प बसला, आणि साधं पोलाद ठरलं. नऊ सेकंदांत पळणाऱ्यांनी क्रोमोलीच घ्यावं, तिथे किलोकिलोचा हिशेब असतो. आमच्यासारख्यांनी त्या शब्दाच्या मागे लागू नये.

नटबोल्टनं बसणारी किटही मिळते. तिच्यात गाडीच्या पत्र्याच्या वर एक प्लेट, खाली एक प्लेट, आणि मध्ये पत्रा चिमटीत धरून प्रत्येक पायाला किमान चार बोल्ट, तीन-अष्टमांश इंची. नियमाला ते चालतं. ज्याला वेल्डर मिळत नाही किंवा गाडी पुढे विकताना बार काढायचा आहे, त्यानं तेच करावं. आम्ही वेल्डिंग निवडलं, आणि त्यासाठी इप्सिलँटीजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. कारखान्यातून निवृत्त झालेला, घरामागच्या शेडमध्ये काम करणारा. शेडमध्ये रेडिओ आणि कॉफीचा वास. थंडीचे दिवस होते, बाहेर बर्फ साचलेलं. इथे ड्रॅग स्ट्रिप हिवाळ्यात बंद असतात, त्यामुळे असली कामं तेव्हाच निघतात.

किटचं खोकं त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं खोक्याकडे पाहिलंही नाही.

“सीट कुठली बसवणार?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सीट होती तीच, कारखान्याची, मागेपुढे सरकणारी.

“आणि चालवणार कोण?”

“आम्ही दोघं,” मी म्हटलं.

त्यानं आधी नवऱ्याकडे पाहिलं, पाच फूट अकरा. मग माझ्याकडे, पाच फूट एक. मग खुर्ची ओढून बसला आणि कॉफी ओतून घेतली. काम अवघड आहे हे मला त्या कॉफीवरून समजलं.

त्यानं समजावून सांगितलं तेव्हा कुठे नियमातले आकडे डोक्यात शिरले. बार गाडीच्या मापानं घडवलेला येतो, पण तो बरोबर बसला की नाही हे चालवणाऱ्याच्या अंगावरून मोजतात. चालक हेल्मेट घालून नेहमीसारखा बसला की कमानीचा माथा हेल्मेटच्या किमान ३ इंच वर हवा, म्हणजे गाडी उलटली तर भार कमानीवर येईल, मानेवर नाही. कमान डोक्यापासून ६ इंचांच्या आत हवी. खांद्याचे पट्टे जिथे बांधायचे ती आडवी नळी खांद्याच्या वर जाता कामा नये आणि खांद्याच्या खाली ४ इंचांपेक्षा जास्त उतरता कामा नये. फार खाली असेल तर धडकेत पट्टा खांद्यांना खाली दाबतो आणि तो दाब मणक्यावर येतो. आणि दाराची दांडी खांदा-कोपराच्या मधोमध. यातलं एकही माप गाडीच्या कशापासून घेतलेलं नाही. सगळी डोक्यापासून, खांद्यापासून, कोपरापासून. म्हणून सीट आधी, बार मागाहून. सीट दोन इंच हलली तर सगळी मापं हलतात.

आणि आमच्या गाडीत तर चालक बदलला की सीट चांगली वीतभर हलत होती. मी पुढे ओढून बसले की माझं डोकं कमानीपासून इतकं पुढे जाई की ६ इंचांचा प्रश्नच निकालात निघे.

“मग मी चालवत नाही,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं नव्हतं, पण म्हटलं.

म्हाताऱ्यानं विचारलं, शर्ली मल्डाउनी माहीत आहे का? मला नव्हती. १९७३ मध्ये टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गाचं लायसन्स मिळवणारी पहिली बाई. १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा त्या वर्गाची विजेती. १९८४ मध्ये मॉन्ट्रियलजवळ झालेल्या अपघातात तिच्या पायांच्या हाडांचा चुरा झाला, आणि १९८६ मध्ये ती परत शर्यतीत उतरली. एवढं सांगून म्हातारा उठला आणि मला म्हणाला, बसा गाडीत.

पुढचे काही तास मी हेल्मेट घालून त्या थंडगार शेडमध्ये बसून होते. कारखान्याची सीट काढून ॲल्युमिनियमची रेसिंग सीट तळाशी आणली होती, बोल्ट न लावता, लाकडी ठोकळ्यांवर टेकवून. आधी नवरा बसे, मग मी. म्हातारा टेप धरी, आकडा खडूनं पत्र्यावर लिही, ठोकळा बदली, परत बोलावी. छताच्या पोटाला लावलेल्या खुणेतून त्यानं ओळंबा सोडला होता. तो माझ्या हेल्मेटच्या मागे हळूहळू डुलत असे आणि थांबेपर्यंत आम्ही तिघंही गप्प. मला शिरोलीच्या एमआयडीसीतल्या भावाच्या शेडची आठवण आली. तिथेही काम सुरू होण्याआधी असाच ओळंबा डुलतो आणि माणसं अशीच गप्प असतात.

मार्ग निघाला तो असा. सीट आता सरकणार नाही. एका जागी, दोघांसाठी, पक्की. नवऱ्याचं डोकं कमानीजवळ, माझं थोडं पुढे, पण दोन्ही ६ इंचांच्या आत. कमानीची उंची उंच माणसाच्या हेल्मेटवरून ठरवायची आणि सीट जेवढी खाली नेता येईल तेवढी न्यायची, म्हणजे छताच्या आत ३ इंच मिळतात. पट्ट्यांची आडवी नळी मात्र बुटक्या माणसाच्या खांद्यावरून ठरवायची: माझ्या खांद्याच्या अर्धा इंच खाली. नवऱ्याचा खांदा माझ्यापेक्षा अडीच इंच वर भरला, म्हणजे त्याच्या खांद्यापासून ती नळी ३ इंच खाली. दोघंही ४ इंचांच्या आत. राहिले माझे पाय. गाडी ऑटोमॅटिक असल्यामुळे क्लच नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलांवर बोल्टनं बसणारे धातूचे ठोकळे त्यानं करून दिले, आणि स्टिअरिंग एका जोडतुकड्यानं माझ्याकडे आणलं. नवऱ्याची पाळी आली की ठोकळे काढायचे. उशी घेऊन बसले तर चालेल का, असं मी विचारून पाहिलं होतं. नाही म्हणाला. मऊ उशी धडकेत दबते, तेवढा पट्टा सैल होतो, आणि सैल पट्टा म्हणजे पट्टा नाहीच.

दाराची दांडी कुठून जाते हे बघायला त्यानं नळीऐवजी आधी झाडूचा दांडा धरला. मी हात स्टिअरिंगवर ठेवला, दंडावर खडूची खूण. नवऱ्याच्या दंडावर दुसरी. दोन्ही खुणांच्या मधली जागा धरून दांडीचा कोन ठरला. किटमधली दांडी त्या कोनात बसत नव्हती; ती कुणा तिसऱ्याच माणसाच्या खांद्याला धरून घडवलेली. त्यानं ती बाजूला टाकली आणि नवी कापली.

वेल्डिंगआधी गाडी आतून सोलून काढावी लागते. सीटा, गालिचा, मागची बैठक, गालिच्याखालचा डांबरी थर, सगळं बाहेर. तळाच्या पत्र्यावरून जितकं जळू शकेल तितकं खरवडून काढायचं. खालून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जातात, त्या कुठून जातात ते बघून मगच ठिणगी पाडायची. काचांवर जाड ब्लँकेट, कारण ठिणगी काचेत रुतते आणि ते ठिपके नंतर निघत नाहीत. बॅटरी काढलेली. एक माणूस फक्त आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभा. ते काम माझं. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि इथल्या जुन्या गाड्या खालून कुजलेल्या असतात. म्हाताऱ्यानं हातोडीच्या टोकानं तळाचा पत्रा इंचाइंचानं ठोकून पाहिला. एके ठिकाणी आवाज बोदा आला, तेवढा तुकडा कापून नवा पत्रा लावला. कुजक्या पत्र्यावर बार बसवणं म्हणजे पैसे वाया. मग चांगल्या पत्र्यावर ६ इंच चौरस आणि अष्टमांश इंच जाडीच्या प्लेटा ठेवल्या, शेवटी चारी बाजूंनी वेल्ड करायच्या. कमान सरळ पत्र्यावर टेकवली तर गाडी उलटताना तिचा पाय तळ फोडून खाली जाईल. भार पसरायला ती प्लेट.

एक प्रश्न मला सुरुवातीपासून पडला होता. टेकू कमानीला माथ्याजवळ जोडायचे असतात, माथ्यापासून ५ इंचांच्या आत. आणि माथा तर छताला जवळजवळ चिकटलेला. जोड पूर्ण गोल वेल्ड व्हायला हवा, अर्धा चालत नाही. वरच्या बाजूनं हात कसा जाणार? मला वाटलं छत कापतात. म्हाताऱ्यानं कमान जागेवर उभी केली, टेकूंची टोकं गोल खोबणीत कापून कमानीला बेमालूम टेकवली, खालून दोन-दोन टाके घातले. आणि मग पायांखालच्या प्लेटा, ज्या अजून पत्र्यावर नुसत्या ठेवलेल्या होत्या, सरकवून काढल्या आणि अख्खी चौकट पुढे तिरपी झुकवली. माथा आणि छत यांच्यात हात जाईल एवढी फट पडली. जोड वरून पुरा केला, चौकट परत उचलली, प्लेटा पायांखाली सारल्या आणि मग त्या कायमच्या जोडल्या. सगळं काम त्यानं एका हातानं हेल्मेटची काच वर-खाली करत केलं. मी सिलिंडर धरून उभी होते ती तशीच.

वेल्ड ओबडधोबड दिसत होते, नाण्यांची चवड आडवी पडावी तसे. नवरा कानस घेऊन गुळगुळीत करायला निघाला. म्हातारा ओरडलाच. वेल्ड घासायचा नाही. घासलेला वेल्ड नियमात बसत नाही; घासताना जोडाचं मांस जातं, आणि तपासणाऱ्याला आत काय झालं ते दिसत नाही. रंग द्या, म्हणाला, पण काळा थर जाड नको.

खर्चाचं सांगायचं तर बसवणावळ किटपेक्षा जास्त झाली, आणि सीट, पट्टे, कमानीवरचं पॅडिंग हे वेगळं. पॅडिंगमध्ये लोक काटकसर करतात. गरम पाण्याच्या पाईपवर घालतात तो फोम कमानीला गुंडाळतात. दिसायला तसाच दिसतो, बोटानं दाबला तर सरळ नळीला लागतं. डोकं जिथे आपटू शकेल तिथे कडक, एसएफआय ४५.१ या सुरक्षा-मानकाचा शिक्का असलेलं पॅडिंग घ्यावं, हे माझं मत. पट्ट्यांवर तयार झाल्याची तारीख शिवलेली असते आणि दोन वर्षांनी ते बाद होतात, वापरले नसले तरी. घेताना ती तारीख बघा. दुकानात पडून राहिलेले पट्टे स्वस्तात मिळतात ते काही उगीच नाही.

वसंतात सासूबाई आल्या होत्या. गॅरेजमध्ये डोकावून म्हणाल्या, “अगं, लेकीला बसायला जागाच नाही की यात.” खरंच नव्हती. मागची बैठक गेली होती, तिथून टेकू जात होते. पुढे शिरायला दाराच्या दांडीवरून तंगडी टाकावी लागते. साडी नेसलेल्या माणसाचं ते काम नाही, आणि गुडघे दुखणाऱ्याचंही नाही. बिजागरीवर उघडणारी दांडी मिळते, नियमाला चालते, पण आम्ही ती घेतली नाही.

स्ट्रिप उघडल्यावर टेकच्या रांगेत उभे राहिलो. तपासणाऱ्यानं टॉर्च मारून प्रत्येक जोड पाहिला, प्लेटा खालून वाकून पाहिल्या, पट्ट्यांची तारीख वाचली. मला हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसवलं आणि माझ्या डोक्यावर आडवी पट्टी धरून कमानीपर्यंतची फट मोजली. मग नवऱ्याला बसवलं. मग काचेवर पांढऱ्या शू पॉलिशनं आमचा नंबर लिहिला. त्या दिवशी गाडी ११.४४ पळाली. बार आणि त्याच्या लवाजम्याचं वजन चिठ्ठीवर दिसलंच.

मस्टँग आता रस्त्यावर चालत नाही, ट्रेलरवरून स्ट्रिपवर जाते. हे म्हाताऱ्यानंच सांगितलं होतं आणि आम्हाला पटलं. शर्यतीत डोक्यावर हेल्मेट असतं आणि अंग पट्ट्यांनी सीटला जखडलेलं असतं, म्हणून जाड पोलादाची नळी डोक्याजवळ असलेली चालते. भाजी आणायला जाताना ना हेल्मेट ना ते पट्टे. मागून कुणी साधी ठोकर दिली तरी डोकं त्या नळीवर आपटणार, पॅडिंग असो वा नसो. म्हणून पुण्या-कोल्हापुरात कुणी आपल्या रोजच्या गाडीत दिसायला छान म्हणून बार बसवायच्या विचारात असेल तर कृपा करून बसवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या रचनेत असा बदल करायला बंदी आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आणि ज्यांना खरोखरच धावपट्टीवर पळायचं आहे त्यांनी किट मागवण्याआधी सीट पक्की करावी, हेल्मेट घालून, पट्टे आवळून तिच्यात बसावं आणि टेप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावी.